फूल, बुडबुडे आणि सरकार

एप्रिल सुरू झाला की आमच्या नातेवाइकांत एक साथ येते. कोणीतरी कुठेतरी काचेच्या उंच ग्लासात गुलाबी पेय पितं, त्यात बर्फ, वर एक पाकळी, खाली बुडबुडे, आणि मग मला विचारणा होते, "अरे, हे घरी कसं करायचं? दारू घालून आणि न घालता, दोन्ही सांग." (दुसरा प्रश्न नेहमी हळू आवाजात.)

कृती सोपी आहे आणि शेवटी देतोच. पण त्या विचारणेतला "घरी" हा शब्द मला काही दिवस सोडत नव्हता. फुलाचं, फसफसणारं पेय घरी करणं ही आज हौसेची गोष्ट आहे. आपल्याच ठाणे जिल्ह्यात एके काळी तो गुन्हा होता. गुन्हा पेयाचा तर होताच, पण फुलाचाही होता! म्हणून कृतीच्या आधी थोडा इतिहास सहन करा.

सुरुवात बुडबुड्यांपासून करू. आपल्याला सोडा म्हणजे सात्त्विक वाटतो. पोट बिघडलं, सोडा. अजीर्ण झालं, सोडा. दारूच्या शेजारी बसतो खरा, पण स्वतः सज्जन. तर या सज्जन माणसाचा जन्म बिअरच्या पिंपावर झालेला आहे. १७६७ मध्ये इंग्लंडातल्या लीड्स गावी जोसेफ प्रिस्टली नावाचा धर्मोपदेशक राहायला आला. त्याच्या घराशेजारी बिअरचा कारखाना होता. आंबत असलेल्या पिंपांवर एक जड हवा तरंगत असते, जळती काडी त्यात नेली की विझते, हे त्याच्या लक्षात आलं. मग त्यानं त्या हवेत पाणी धरलं, एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहिला, आणि पाण्याला छानशी चुरचुर आली. ती जड हवा म्हणजे कार्बन डायऑक्साइड. प्रिस्टलीनं ही युक्ती १७७२ मध्ये छापून सगळ्यांना फुकट देऊन टाकली. धंदा केला तो योहान याकोब श्वेप यानं, १७८३ मध्ये जिनिव्हात. त्याचं नाव अजूनही बाटल्यांवर वाचायला मिळतं.

आता यातलं रसायन बघा, कारण सगळी गंमत तिथे आहे. साखर असलेल्या ओल्या पदार्थावर खमीर बसलं की ते साखर खातं आणि दोन गोष्टी बाहेर टाकतं, मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड. म्हणजे दारू आणि बुडबुडे ही सख्खी भावंडं, एकाच बाळंतपणातली जुळी. प्रिस्टलीनं त्यातलं एक उचलून पाण्याच्या घरी दत्तक दिलं एवढंच. दत्तक गेलेलं पोर सभ्य ठरलं आणि घरी राहिलेलं बदनाम झालं.

सभ्य पोराची आपल्याकडची कहाणी तुम्हाला बरीचशी माहीत असेल. मुंबईत साहेब आला, साहेबाबरोबर सोडा आला, आणि तो इथे बनवायला पारशी मंडळींनी घेतला. पालनजींचा कारखाना १८६५चा. पुण्यात अर्देशीर १८८४ मध्ये सुरू झाले. दिनशाजी पांडोळे या क्रिकेटवेड्या गृहस्थांनी १८८९ मध्ये ड्यूक काढला, आणि नाव ठेवलं ते ड्यूकच्या क्रिकेट चेंडूवरून. मधल्या काळात, १८७२ मध्ये, हायरम कॉड या इंग्रजानं गोटीच्या बाटलीचं पेटंट घेतलं. आतल्या गॅसच्या दाबानंच गोटी वर रबराच्या चकतीला चिकटून बसते आणि बाटली बंद राहते. बूच नको, तार नको. अंगठ्यानं गोटी खाली दाबली की फट्ट आवाज, आणि पोरांची नजर त्या गोटीवर. १ मे १८५४ ला रेल्वे कल्याणपर्यंत पोचलेली होती, त्यामुळे मुंबईतलं जे काही नवं, ते आमच्या बाजूला यायला वाट तयार होती.

मोहन्यात वाढलेल्यांना मात्र "सोडा" म्हटलं की दुसराच सोडा आठवतो. उल्हास नदीच्या काठचं, आंबिवली स्टेशनाजवळचं हे गाव नॅशनल रेयॉनच्या कारखान्यामुळे ओळखलं गेलं. तिथे लाकडाच्या लगद्यापासून रेशमासारखा धागा निघायचा, आणि त्यासाठी आधी लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायला लागतो. त्यामुळे "सोडा प्यायचा का?" या प्रश्नावर आमच्याकडे एक ठरलेला विनोद होता. तो इथे सांगत नाही, माझ्या वयाच्या मोहनेकरांना पाठ आहे. कारखाना २००९ मध्ये बंद पडला आणि विनोदही हळूहळू विरून गेला. असो.

आता घरी राहिलेल्या, बदनाम पोराकडे येऊ.

मोहने हे नाव उच्चारलं की मला मोहाचं झाड आठवतं. गावाच्या नावाची व्युत्पत्ती मी सांगत नाहीये, फक्त कानाला ऐकू येतं ते सांगतोय. कल्याणहून मुरबाड, शहापूरच्या बाजूला गेलात की हे झाड भेटतं. मार्च-एप्रिलमध्ये, पानं गळून गेलेली असताना, त्याला फुलं येतात. फिक्कट, गुबगुबीत, रसाळ. रात्री उमलतात आणि पहाटे आपोआप टपटप खाली पडतात. तोडावी लागत नाहीत, वेचावी लागतात. म्हणून पहाटे टोपल्या घेऊन बायका आणि पोरं झाडाखाली. उन्हात वाळवली की फुलं बेदाण्यासारखी सुरकुततात, तांबूस होतात, आणि त्यांच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग साखर असतो. साखर एवढी, तर ती खाल्ली जाणारच. ठाकूर, कातकरी, वारली घरांत मोहफुलं भाजून, शिजवून, पिठात मिसळून खात. घरातलं धान्य संपत आलेलं आणि पाऊस अजून लांब, अशा दिवसांत या फुलांवर पोट भरे. बियांचं तेल निघे. आणि हो, फुलं आंबवून, गाळून दारूही होई. ती देवाला लागे, लग्नाला लागे, मरणाला लागे.

एकच झाड स्वयंपाकघर, तेलघाणी, देवघर आणि मधुशाला चालवत होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या कायद्यानं यातलं एकच पाहिलं.

इंग्रज सरकारचा दारूला तात्त्विक विरोध नव्हता. विरोध होता तो कर न भरलेल्या दारूला. १८७८चा मुंबई अबकारी कायदा आला आणि घरोघरची, गावोगावची गाळणी बंद करून दारू मोठ्या भट्ट्यांत एकवटायची, तिच्यावर कर बसवायचा आणि विक्री मक्तेदारांकडे द्यायची, असा मार्ग ठरला. ताडीच्या झाडांवरही कर बसला. १८८२च्या ठाणे गॅझेटियरमध्ये उरणच्या भट्ट्यांचं वर्णन आहे. पारशी मालकांच्या या मोठ्या भट्ट्या मुंबईला दारू पुरवत, आणि कच्चा माल काय? मोहफुलंच! ती पंचमहालासारख्या लांबच्या मुलखातून आणली जात. म्हणजे उरणला भट्टीत पडलेलं मोहफूल सरकारच्या तिजोरीचं लाडकं, आणि शहापूरला झाडाखाली पडलेलं मोहफूल संशयित.

संशयिताचं आरोपीत रूपांतर १८९२ मध्ये झालं. त्या वर्षीचा मुंबईचा तिसरा कायदा म्हणजे मोहफुलांचा कायदा. तो आणला गेला तो ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. चोरून दारू गाळणं थांबवायचं, हा त्याचा जाहीर हेतू. आणि त्यासाठी बंधन घातलं ते दारूवर नव्हे, फुलं जवळ बाळगण्यावर आणि नेण्या-आणण्यावर. गाळणाऱ्याला पकडणं अवघड, तो रानात असतो. फूल पकडणं सोपं, ते टोपलीत असतं. कारभाराच्या दृष्टीनं बिनतोड युक्तिवाद आहे. फक्त त्यात एक अडचण होती. टोपलीतलं फूल दारूसाठी आहे की रात्रीच्या जेवणासाठी, हे फुलावर लिहिलेलं नसतं.

मी या जागी नेहमी थबकतो. एखादी ठाकरीण पहाटे तीन-चार तास वाकून फुलं वेचते. झाड तिच्या पाड्याचं, फूल आपणहून पडलेलं, शेकडो वर्षं आज्या-पणज्यांनी वेचलेलं. आणि एके दिवशी कळतं की हे घरात ठेवायला कागद लागतो. कागद देणारा तालुक्याला, लिहिता येत नाही, आणि दारात येणारा शिपाई टोपलीत हात घालून बघणार. तिनं काहीही केलेलं नाही. ती जिथे होती तिथेच आहे. कायदा सरकत सरकत तिच्या चुलीपाशी आला.

जरा तुलनेसाठी बघा. नेमक्या त्याच काळात पुण्यात काय चाललं होतं? १८९०च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे प्रभृतींनी चहाचा कप हातात घेतला, आणि त्यावरून जे ग्रामण्य पेटलं ते पुढची दोन वर्षं धुमसत होतं. प्रायश्चित्त घ्यायचं की नाही, घेतलं तर कसलं. ती चर्चा आपण शाळेपासून ऐकतो, आणि महत्त्वाची होतीच. पण कोण काय पिणार हा प्रश्न त्या वर्षांत आणखी एका ठिकाणी, सह्याद्रीच्या पायथ्याशी, चालू होता. तिथे प्रायश्चित्ताची सोय नव्हती, दंड होता. चहाच्या कपाचं ग्रामण्य आपल्या पाठ्यपुस्तकात आलं, मोहफुलाचं आलं नाही.

"पण आपल्याकडे दारूला पूर्वीपासून राजाची बंधनं होतीच की," असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा अधिकारी आहे, ठरलेल्या जागीच विक्री आहे, दंड आहेत. सरकारी कारभार म्हणून तो इंग्रजांपेक्षा सैल अजिबात नाही. पण त्याच प्रकरणात एक खिडकी उघडी ठेवलेली आहे. कुटुंबातल्या कार्यांसाठी गृहस्थांनी घरी सुरा करावी, औषधासाठी अरिष्ट करावं, याला मुभा आहे. उत्सव, यात्रा असतील तर चार दिवसांची मोकळीकही. इतक्या कडक ग्रंथालाही "घरी" या शब्दाचं वजन कळत होतं. १८७८ आणि १८९२च्या कायद्यांनी ती खिडकी बुजवली.

औषधाची खिडकी मात्र कोणालाच पूर्ण बुजवता आली नाही. द्राक्षासव, कुमारी आसव, अशोकारिष्ट या बाटल्या आपल्या घरात नेहमीच्या. आसव-अरिष्टांत मद्यार्क वरून घालत नाहीत, तो आतच तयार होतो, आणि तो तयार होण्यासाठी त्यात काय घालतात माहीत आहे? फुलं! धायटीची. सह्याद्रीत जागोजाग दिसणारं, लाल फुलांचं झुडूप. तिच्या फुलांबरोबर खमीर काढ्यात शिरतं आणि आंबण्याला सुरुवात होते. म्हणजे फुलानं आंबवलेलं, थोडंसं मद्यार्क असलेलं पेय आपल्या आज्या दोन चमचे समभाग पाण्याबरोबर बिनदिक्कत घेत होत्या, आणि घेऊन झाल्यावर "दारू वाईट" असंही सांगत होत्या. दोन्ही मनापासून. (आजी, तुला वाचून दाखवलं तर रागावू नकोस.)

ही विसंगती पुढे थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. काँग्रेस मंत्रिमंडळानं मुंबईत १९३९ मध्ये एकदा दारूबंदी आणून पाहिली होती. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मुंबई दारूबंदी कायदा झाला, मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री. त्याला बलसारा नावाच्या गृहस्थांनी आव्हान दिलं, आणि १९५१ मध्ये न्यायालयानं सांगितलं की दारूबंदी करायला सरकार मोकळं आहे, पण मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं लोकांनी जवळ बाळगायचीच नाहीत असं म्हणता येणार नाही. आसवांची बाटली सुटली, युडी कोलनची बाटली सुटली. मोहाची टोपली सुटली नाही. त्या फुलांवरच्या बंधनाची कलमं १९४९च्या कायद्यातही होती. साहेब गेला, त्याचा फुलावरचा संशय इथेच राहिला. इंग्रजांनी महसुलासाठी धरलेलं फूल आपण नीतीसाठी धरून ठेवलं. टोपलीवाल्या बाईला दोन्ही सारखंच.

१९६०च्या दशकात महाराष्ट्रात दारूबंदी सैल झाली, परवाने आले, बार आले. शहरातल्या माणसाची सोय झाली. मोहफुलाला त्यानंतरही अनेक वर्षं थांबावं लागलं. २००६च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर आदिवासींची मालकी मान्य केली. महाराष्ट्रात मोहफुलं गोळा करण्या-साठवण्यावरचे निर्बंध सरकारनं उठवले ते २०२१ मध्ये. १८९२ ते २०२१. हिशोब तुम्हीच करा.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर मी दारूचा वकील वाटेन. दारूनं पाड्यांवर आणि चाळींत काय केलं ते मोहन्यासारख्या कामगारवस्तीत वाढलेल्याला कोणी शिकवायला नको. पगाराच्या दिवशी कारखान्याच्या फाटकापाशी उभ्या राहणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, त्या कशासाठी उभ्या असत तेही कळायचं. दारूबंदीची मागणी करणाऱ्या बायकांचा राग खरा आहे आणि तो इंग्रजांकडून आलेला नाही. पण फूल बंद करून दारू बंद झाली का? फूल गेलं आणि त्याच्या जागी काळा गूळ आणि नवसागर आला. कल्याण-डोंबिवलीच्या खाडीकाठच्या हातभट्ट्यांवरच्या धाडींच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. आणि २०१५च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं, फूल कुठेच नव्हतं. घरात, सगळ्यांच्या नजरेखाली होणारी गोष्ट चोरून, पैशासाठी, अनोळखी माणसाकडून होऊ लागली की ती अशी होते.

गेल्या काही वर्षांत वारं फिरलंय. गोव्याच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मध्य प्रदेशानं २०२२च्या अबकारी धोरणात मोहाच्या दारूला वारसा म्हणून जागा दिली. आता ती सुंदर बाटलीत, सुंदर लेबल लावून येते. मला याचा आनंद आहे, आणि एक शंकाही आहे. एकेकाळी ज्या बाईची टोपली तपासली गेली, तिच्या नातीला त्या लेबलामागचे किती रुपये मिळतात? वारसा म्हणायचं तर वारस कोण हेही सांगायला हवं.

बरं, आता कृती. इतकं वाचलंत म्हणजे हक्कच आहे.

वाळकी मोहफुलं मिळाली तर उत्तम. शंभर ग्रॅम घ्या, कोमट पाण्यात दोनतीनदा धुवा, आतले केसर काढून टाका. अर्धा लिटर पाण्यात तासभर भिजवा आणि त्याच पाण्यात मंद आचेवर वीसेक मिनिटं उकळा. गाळा, शंभर ग्रॅम साखर घाला, विरघळू द्या, गार झाल्यावर एका लिंबाचा रस घाला. मोह नसेल तर औषध न फवारलेल्या देशी गुलाबाच्या पाकळ्या, दोन वाट्या, पण त्या उकळू नका. उकळतं पाणी वर ओतून झाकून ठेवा, नाहीतर वास उडून जातो. साखर मात्र इथे दुप्पट लागेल, कारण गुलाबाला मोहासारखी स्वतःची साखर नाही.

ग्लासात तीन चमचे पाक, दोन खडे बर्फ आणि वरून सोडा. सोडा अगदी थंड हवा. थंड पाण्यात गॅस जास्त विरघळून राहतो, कोमट सोडा ओतताच सगळा उडून जातो. ग्लास तिरका धरून कडेनं, सावकाश ओता. मीठ घालायचं असेल तर ते आधी पाकात विरघळवा. सोड्यात वरून मीठ टाकलंत तर प्रत्येक कणाभोवती बुडबुडे गोळा होतात आणि पेय टेबलावर येतं. चिमूटभर जिरेपूड चालते.

हळू आवाजातल्या प्रश्नाचं उत्तर: ज्यांचं वय पंचवीसच्या पुढे आहे आणि खिशात परवाना आहे, त्यांनी त्यात तीस मिली फेणी घालावी. घरी गाळण्याच्या भानगडीत कोणीही पडू नये. तो अजूनही गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी जिवाशी खेळ आहे.

एक सूचना राहिली. हा पाक फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा, बाटली घट्ट बंद करून बाहेर विसरू नका. मोहाचा पाक उन्हाळ्यात ओट्यावर राहिला तर दोनतीन दिवसांत त्याला आपणहून बुडबुडे येऊ लागतात. सोडा न घालता. झाकणाला कान लावलात तर बारीक चुरचुर ऐकू येते, प्रिस्टलीच्या पिंपावर होती तीच. दोन्ही भावंडं परत एका घरात आलेली असतात. त्या क्षणी ते पेय सरबत राहिलेलं नसतं, आणि तुम्ही तर त्याला हातही लावलेला नसतो.